घर हीच वाद्यशाळा : जुने अ‍ॅनालॉग सिंथेसायझर आणि स्वतंत्र रचनांचे गृहध्वनिमुद्रण

प्रास्ताविक

घरी केलेले ध्वनिमुद्रण म्हणजे स्टुडिओ परवडत नाही म्हणून केलेली तडजोड, अशी समजूत सर्वसाधारणपणे रूढ आहे. गायनाच्या किंवा वाद्यवृंदाच्या बाबतीत ती पुष्कळ अंशी खरीही आहे. परंतु साधारणपणे १९६८ ते १९८२ या काळातील अ‍ॅनालॉग सिंथेसायझर आणि त्यांवर निर्माण झालेले स्वतंत्र संगीत यांचा विचार केला, तर ही समजूत टिकत नाही. या वाद्याला स्मरणशक्ती नव्हती; त्यावर एका वेळी बहुधा एकच स्वर निघत असे; आणि खोलीतील उष्णतामान बदलले की त्याचा स्वर सरकत असे. या तिन्ही गोष्टींमुळे तासाच्या भाड्याने घेतलेल्या स्टुडिओपेक्षा राहते घरच त्याला अधिक मानवले. प्रस्तुत लेखात या यंत्राची रचना आणि घरात बसून केलेली संगीतरचना यांचा संबंध तपासावयाचा आहे.

या प्रश्नाला एक शैक्षणिक बाजूही आहे. अशा रचनेची स्वरलिपी सहसा नसते. जी नसते ती परीक्षकाने मागावी काय, आणि नसेल तर मूळ संहिता म्हणून कशाकडे पाहावे, हा प्रश्न संगीत, भौतिकशास्त्र आणि माध्यमविद्या या तिन्ही विभागांतील अध्यापकांपुढे केव्हा ना केव्हा येतो.

यंत्राची रचना आणि विस्मरण

अ‍ॅनालॉग सिंथेसायझरमध्ये ध्वनी कोठूनही मुद्रित करून आणलेला नसतो. ऑसिलेटर नावाचे मंडल विद्युत्-आंदोलने निर्माण करते. त्या आंदोलनांचा आकार करवतीच्या दातांसारखा, चौकोनी किंवा त्रिकोणी असतो आणि त्यानुसार त्यातील उपस्वरांचे प्रमाण ठरते. फिल्टर हे दुसरे मंडल त्यांतील नको ते उपस्वर गाळून टाकते. तिसरे मंडल ध्वनीची तीव्रता कमीजास्त करते. या साऱ्यांचे नियंत्रण विद्युतदाबाने होते, हे रॉबर्ट मूग यांच्या रचनेचे मर्म होय. त्यांच्या यंत्रांत दाब एक व्होल्टने वाढला की स्वर एका सप्तकाने चढतो. पट्टीवरील प्रत्येक कळ म्हणजे एका व्होल्टचा बारावा हिस्सा. हा संकेत पुढे अनेक कंपन्यांनी स्वीकारला, सर्वांनी नव्हे. त्यामुळे दोन कंपन्यांची यंत्रे एकमेकांना जोडताना आजही घोटाळे होतात.

या मंडलांना एकमेकांशी जोडणे म्हणजेच ध्वनी घडविणे. मूगच्या मोठ्या यंत्रात हे काम तारांनी होई. लंडनच्या ईएमएस या कंपनीने १९६९ मध्ये काढलेल्या व्हीसीएस-३ या लहान यंत्रात तारांऐवजी सोळा आडव्या व सोळा उभ्या ओळींचा एक फलक होता. त्याच्या २५६ छिद्रांत टाचण्या खोचून कोणते मंडल कोणाला जोडावयाचे ते ठरवीत. शिवाय प्रत्येक मंडलाच्या फिरत्या मुठी निराळ्या. एखादा मनाजोगा ध्वनी सापडावा, आणि दुसऱ्या दिवशी तोच हवा असावा, तर काय करावयाचे? कंपन्या यासाठी यंत्राच्या दर्शनी भागाची छापील चित्रे देत आणि त्यांवर पेन्सिलीने टाचण्यांच्या जागा व मुठींचे कोन टिपून ठेवण्याची पद्धत होती. टाचण्यांच्या बाबतीत ही नोंद नेमकी असे, कारण टाचणी एक तर असते किंवा नसते. मुठीचे तसे नाही. ती अखंड फिरते. तिचा कोन केसभर चुकला की फिल्टर निराळ्या जागी उघडतो. त्यामुळे नोंदीवरून पुन्हा उभा केलेला ध्वनी मूळ ध्वनीचा भाऊ असे, तोच नसे.

याचा व्यावहारिक परिणाम स्पष्ट आहे. भाड्याच्या स्टुडिओत वेळ संपली की जोडण्या सोडवाव्या लागत, कारण पुढचा कलावंत दारात उभा असे. घरी यंत्र तसेच ठेवून निजता येई. सकाळी उठल्यावर काल रात्रीचा ध्वनी जागेवर असे, निदान त्याच्या जवळपास. हा फरक पैशापेक्षा वेळेचा आहे, आणि माझ्या मते गृहध्वनिमुद्रणाच्या चर्चेत तो फार कमी वेळा मांडला जातो.

उष्णता आणि स्वर

'त्याच्या जवळपास' असे वर म्हटले, त्यामागे भौतिकशास्त्रातील एक साधी वस्तुस्थिती आहे. कान स्वरांतील अंतर गुणोत्तराने मोजतो. वरचे सप्तक म्हणजे दुप्पट वारंवारता. तेव्हा दाबातील समान वाढीने वारंवारता दुप्पट, चौपट, आठपट व्हावयाची, तर मंडलाला घातांकी वागणूक हवी. ती ट्रान्झिस्टरमध्ये मुळातच असते. त्याच्या दोन अग्रांमधील दाब सुमारे १८ मिलिव्होल्टने वाढला की प्रवाह दुप्पट होतो. मात्र हा १८ चा आकडा निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात बदलतो. नेहमीचे तापमान ३०० केल्व्हिनच्या आसपास असते. म्हणून एका अंशाने उष्णता वाढली तर सप्तकाचे माप सुमारे एक-तीनशांशाने, म्हणजे ०.३३ टक्क्यांनी बिघडते.

हा आकडा क्षुल्लक वाटतो. पण आधारस्वरापासून चार सप्तके दूर असलेल्या स्वराचा विचार करा. चार सप्तके म्हणजे ४,८०० सेंट. एका अर्धस्वराचे शंभर भाग केले तर त्यांतील एक भाग म्हणजे सेंट. त्याचे ०.३३ टक्के म्हणजे १६ सेंट. भारतीय श्रुतिविचारात ज्या सर्वांत लहान अंतराला प्रमाणश्रुती म्हणतात, ते ८१ : ८० हे गुणोत्तर सुमारे २२ सेंटचे आहे. म्हणजे कोणतीही उपाययोजना केलेली नसेल, तर खोली दीड अंशाने तापल्यावर वरचा स्वर एक श्रुती सरकतो! उपाय अर्थातच केले जात. तापमानाबरोबर ज्याचा रोध वाढतो असा खास रोधक ट्रान्झिस्टरला खेटून बसवीत, जेणेकरून एकाची चूक दुसऱ्याने भरून निघावी. पण यंत्र सुरू केल्यावर दोन्ही घटक सारखे तापेपर्यंत वेळ जाई आणि तोवर स्वर सरकत राही. म्हणून वादनापूर्वी यंत्र बराच वेळ सुरू ठेवण्याचा शिरस्ता पडला. तंबोरा जुळवून मैफलीला बसणाऱ्या आपल्या गायकाला यात नवल वाटू नये. फरक इतकाच की येथे जुळवणी दर काही मिनिटांनी करावी लागे.

वेंडी कार्लोस यांच्या १९६८ मधील 'स्विच्ड-ऑन बाख' या ध्वनिमुद्रिकेची कथा या दृष्टीने बोलकी आहे. न्यूयॉर्कमधील आपल्या राहत्या जागेत, स्वतः जुळविलेल्या आठ ट्रॅकच्या टेपयंत्रावर आणि मूगच्या तारांच्या यंत्रावर, त्यांनी बाखच्या रचना अक्षरशः थेंबाथेंबाने भरल्या. एका वेळी एक स्वरावली, तीही काही सेकंदांची. मग थांबून स्वर पुन्हा जुळवावयाचा आणि पुढचा तुकडा वाजवावयाचा. हे काम कित्येक महिने चालले. रचना बाखच्या होत्या, त्यामुळे स्वतंत्र संगीताचे हे उदाहरण नव्हे. परंतु घर, एकस्वरी वाद्य आणि बहुट्रॅक टेप या त्रयीतून पूर्ण वृंद उभा राहू शकतो, हे जगाने या मुद्रिकेमुळे मान्य केले.

फितीवरील थर

एकस्वरी वाद्यातून वृंद उभा करावयाचा तर थरावर थर चढवावे लागतात, आणि त्यासाठी पहिला थर ऐकत दुसरा वाजवावा लागतो. साध्या टेपयंत्रात हे जमत नाही. त्यात मुद्रण करणारे शीर्ष आणि ऐकविणारे शीर्ष यांत काही सेंटिमीटरचे अंतर असते. सेकंदाला ३८ सेंटिमीटर वेगाने जाणारी फीत पाच सेंटिमीटरचे अंतर कापण्यास सुमारे ०.१३ सेकंद घेते. मात्रा अर्ध्या सेकंदाची धरली, तर नवा थर पाव मात्रेहून थोडा अधिकच मागे पडेल. अशा मुद्रणात सम कोठे आणि वादक कोठे, अशी अवस्था होईल. यावरचा तोडगा असा की मुद्रणशीर्षाचाच एक भाग तेवढ्यापुरता ऐकविण्यासाठी वापरावयाचा. अँपेक्स कंपनीने या तत्त्वावरील आठ ट्रॅकचे यंत्र १९५७ मध्ये गिटारवादक लेस पॉल यांना दिले आणि तेही त्यांच्या घरीच बसविले गेले, ही गोष्ट येथे नमूद करण्याजोगी आहे.

आठ ट्रॅकचे यंत्र थोड्यांनाच परवडे. पुढे चार ट्रॅकची यंत्रे आली आणि १९७९ मध्ये टास्कॅम कंपनीने साध्या कॅसेटवर चार ट्रॅक भरणारा पोर्टास्टुडिओ काढला. चारच ट्रॅक असताना अधिक थर हवे असतील, तर तीन ट्रॅक एकत्र करून चौथ्यावर उतरवीत आणि त्याच वेळी एक थर प्रत्यक्ष वाजवून त्यात मिसळीत. मग मोकळे झालेले तीन ट्रॅक पुसून नव्याने वापरावयाचे. ही युक्ती शेवटपर्यंत नेली तर चार, तीन, दोन आणि एक असे मिळून दहा थर होतात. मात्र प्रत्येक उतरवणीत फितीची खरखर वाढते. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, एकत्र केलेले थर पुन्हा वेगळे करता येत नाहीत. मंद्रातील थर अंमळ मोठा झाला असे दहावा थर वाजवताना लक्षात आले, तर उपाय नाही. संगणकावर काम करणाऱ्या आजच्या विद्यार्थ्याला हे सांगून पटत नाही. एकदा करून पाहिले की पटते. रचनाकाराला शेवटचा तोल पहिल्याच दिवशी मनात ऐकावा लागे.

'ऑक्सिजेन' : एक उदाहरण

या पद्धतीने निर्माण झालेल्या स्वतंत्र रचनेचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणून फ्रेंच संगीतकार झाँ-मिशेल झार यांची 'ऑक्सिजेन' ही ध्वनिमुद्रिका घेता येईल. झार यांनी पॅरिसमध्ये पिएर शेफर यांच्या संशोधनगटात काही काळ शिक्षण घेतले होते. ध्वनिफितीचे तुकडे हीच संगीताची सामग्री मानणारा तो गट होता. तेव्हा टेपयंत्राकडे नोंदवही म्हणून न पाहता वाद्य म्हणून पाहण्याची दृष्टी त्यांना तेथेच मिळाली असावी. १९७६ मध्ये पॅरिसमधील राहत्या घरातील तात्पुरत्या स्टुडिओत, स्कली कंपनीच्या आठ ट्रॅकच्या टेपयंत्रावर त्यांनी सहा भागांची ही रचना भरली. तिचा एकूण कालावधी सुमारे चाळीस मिनिटांचा आहे.

वापरलेल्या वाद्यांकडे पाहिले की एक गोष्ट लक्षात येते : त्यांत केवळ सिंथेसायझर नव्हते. व्हीसीएस-३ आणि एआरपी २६०० यांबरोबर एमिनेंट ३१० नावाचा घरगुती वापराचा डच ऑर्गन होता. दिवाणखान्यात प्रार्थनागीते वाजविण्यासाठी घ्यावा, असा तो ऑर्गन. त्यात तंतुवाद्यांच्या ताफ्याचा आभास देणारी सोय होती आणि मुख्य म्हणजे त्यावर अनेक स्वर एकाच वेळी वाजत. झार यांनी त्याचा ध्वनी गिटारवादकांच्या एका स्वस्त फेझर पेटीतून फिरविला. ध्वनीची एक प्रत किंचित पुढेमागे सरकवून मुळात मिसळली की काही उपस्वर परस्परांना मारतात आणि ही जागा सतत बदलत राहिली की ध्वनी हेलकावू लागतो. 'ऑक्सिजेन'मधील तो लांबच लांब, ढगासारखा पसरलेला स्वरपट म्हणजे घरगुती ऑर्गन आणि ही पेटी, एवढेच. तालासाठी कोर्ग कंपनीची मिनी पॉप्स ही तयार ठेक्यांची पेटी होती. तिचे ठेके मुळात हॉटेलातील एकट्या वादकाला साथ करण्यासाठी बसविलेले. त्यांतील दोन ठेक्यांच्या कळा एकदम दाबून, त्या तशाच राहाव्यात म्हणून चिकटपट्टी लावून, झार यांनी तिसराच ठेका काढला. ही हकिकत त्यांनी स्वतः सांगितली आहे.

फितीची खरखर हा अशा मुद्रणाचा स्थायी दोष. या रचनेत वारा आणि लाटा यांचा भास देणारे ध्वनी जागोजागी आहेत आणि तेही सिंथेसायझरच्या खरखर निर्माण करणाऱ्या मंडलातूनच काढलेले. दोष झाकण्यासाठी हे केले असा दावा करता येणार नाही. पण ऐकणाऱ्याला यंत्राची खरखर कोठे संपते आणि समुद्र कोठे सुरू होतो हे कळत नाही, एवढे मात्र खरे.

गायक नाही, ढोलकी नाही, सुटे वाजविण्याजोगे गाणे नाही, म्हणून अनेक कंपन्यांनी ही मुद्रिका नाकारली. अखेर फ्रान्सिस ड्रेफ्यूस यांनी ती १९७६ च्या डिसेंबरात प्रसिद्ध केली आणि पुढे तिच्या लक्षावधी प्रती खपल्या. यशाची ही कथा सर्वपरिचित आहे, तिच्यात अधिक शिरण्याचे कारण नाही. अभ्यासकाच्या दृष्टीने अधिक उद्बोधक घटना २००७ मधील आहे. त्या वर्षी झार यांनी हीच रचना त्याच प्रकारच्या जुन्या वाद्यांवर, पूर्वमुद्रित थरांचा आधार न घेता, पुन्हा वाजवून मुद्रित केली. त्यासाठी त्यांना आणखी तीन वादक सोबत घ्यावे लागले. एका माणसाने एका घरात थराथराने रचलेले संगीत एकाच वेळी वाजवावयाचे तर चार माणसे लागतात. दोन्ही मुद्रणे लागोपाठ ऐकली तर स्वर तेच, क्रमही तोच. परंतु दुसरे मुद्रण पहिल्याचे सादरीकरण वाटते, पहिले मात्र कशाचेच सादरीकरण वाटत नाही. ते स्वतःच रचना आहे. स्वरलिपीचा प्रश्न येथे सुटतो असे मला वाटते : अशा संगीतात फीत हीच संहिता होय.

मुंबई आणि अहमदाबाद

आपल्याकडे हे तंत्र घरात का रुजले नाही? यंत्रांची किंमत आणि आयातीवरील निर्बंध ही उघड कारणे. पण कामाची पद्धत हेही एक कारण होते. १९७० च्या दशकात मुंबईच्या चित्रपटगीतांचे मुद्रण शिफ्टच्या हिशोबाने होई आणि मोठा वादकवर्ग एकाच दालनात, एकाच वेळी वाजवीत असे. केरसी लॉर्ड यांच्यासारख्या वादकांनी सिंथेसायझर या वृंदात आणला; पण तेथे तो वृंदातील एक वाद्य म्हणून, इशारा मिळताच सुरात वाजावयास तयार, असाच वापरला गेला. रात्रभर जोडण्या तशाच ठेवून सकाळी पुन्हा ऐकण्याची मुभा त्या व्यवस्थेत नव्हती.

अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत ती होती. अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी १९६९ मध्ये तेथे मूगचे यंत्र बसविले आणि गीता साराभाई, आय. एस. माथुर, अतुल देसाई, जिनराज जोशीपुरा प्रभृतींनी त्यावर रचना केल्या. हे घर नव्हते, पण घड्याळाचा जाच नसलेली जागा होती, आणि मुद्दा तोच आहे. तो उपक्रम काही वर्षांतच थांबला. त्या जोडण्या गेल्या, यंत्र वापरातून गेले. उरल्या त्या फिती. २०१७ मध्ये ब्रिटिश संगीतकार पॉल पर्गस यांना त्या संस्थेच्या संग्रहात आढळल्या आणि त्यांतील निवडक रचना २०२३ मध्ये प्रसिद्ध झाल्या. मधली चार-साडेचार दशके भारतीय इलेक्ट्रॉनिक संगीताच्या इतिहासात हे प्रकरण जवळजवळ नव्हतेच.

चरणजित सिंग यांची 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही १९८२ ची ध्वनिमुद्रिका वरील विवेचनाला दुसऱ्या बाजूने पुष्टी देते. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत गिटार वाजविणाऱ्या सिंग यांनी रोलंड कंपनीची तीन यंत्रे मिळविली : ज्युपिटर-८, टीआर-८०८ ही तालपेटी आणि टीबी-३०३ ही मंद्रस्वरांची पेटी. या यंत्रांचा ध्वनी अ‍ॅनालॉगच. पण पहिल्यात ६४ ध्वनी साठवता येत आणि उरलेल्या दोहोंत ठेके व स्वरावली बसवून ठेवता येत. असा साठा ठेवणारा प्रॉफेट-५ हा सिंथेसायझर १९७८ मध्येच आला होता. सिंग यांनी घरी सराव करून भैरव, तोडी, यमन, मालकंस अशा रागांची जुळणी पक्की केली आणि एचएमव्हीच्या स्टुडिओत दोन दिवसांत सारे मुद्रण उरकले. यंत्राला स्मरण आले आणि घरात घडलेले काम उचलून नेण्याजोगे झाले. मुद्रिका तेव्हा खपली नाही. २०१० मध्ये तिचे पुनःप्रकाशन झाल्यावर शिकागोच्या १९८७ मधील अ‍ॅसिड हाउस संगीताशी तिचे साम्य पाहून पाश्चात्त्य श्रोते चकित झाले. सिंग यांचे २०१५ मध्ये मुंबईत निधन झाले.

फितींचे जतन

फीत हीच संहिता असेल, तर फितीची अवस्था हा ग्रंथालयाचा प्रश्न होतो. १९७० च्या दशकाच्या मध्यापासून पुढे बनलेल्या अनेक फितींत चुंबकीय भुकटी चिकटवून ठेवणारा पॉलियुरेथेनचा थर हवेतील बाष्पाने विघटित होतो. फीत चिकट बनते, यंत्रात किंचाळते आणि वाजविताना भुकटीचा थर शीर्षावर सोडते. म्हणजे ऐकणे हेच पुसणे ठरते. अशी फीत नियंत्रित उष्णतेत, सुमारे ५४ अंश सेल्सिअसला, कित्येक तास ठेवल्यास काही काळ वाजविण्याजोगी होते आणि तेवढ्यात तिची प्रत करून घ्यावी लागते. त्याहून जुन्या, अ‍ॅसिटेटच्या फितींना हा उपचार घातक आहे, म्हणून प्रथम फीत ओळखणे आवश्यक. कोकणासारख्या दमट हवेत तर बुरशीचीही भर पडते.

घरगुती मुद्रणाच्या बाबतीत एक धोका मात्र रसायनाचा नसून अज्ञानाचा आहे. साध्या कॅसेटच्या एका बाजूस दोन ट्रॅक असतात आणि कॅसेट उलटली की उरलेले दोन विरुद्ध दिशेने वाजतात. चार ट्रॅकच्या पोर्टास्टुडिओत चारही ट्रॅक एकाच दिशेने आणि दुप्पट वेगाने भरलेले असत. असली कॅसेट नेहमीच्या यंत्रात घातली, तर एका बाजूला अर्धेच थर, तेही निम्म्या गतीने आणि एक सप्तक खाली ऐकू येतात; दुसऱ्या बाजूला उरलेले थर उलटे वाजतात. संग्रहाची छाननी करणारा कर्मचारी ती बिघडलेली समजून रद्दीत टाकतो. तिच्या डबीवर वेग आणि ट्रॅकची संख्या लिहिलेली असली, तर ती तेथे जात नाही.